घुबडाला भिववणारा सुखराम

सानगडीच्या तलावावर मी सुखरामला साकोलीचा रस्ता विचारला, तेव्हा बांध्यांत धानाची रोवणी चालली होती. त्याचं उत्तर संपलं तोवर ते धान कापून, भरडून लोकांच्या ताटात पडलं होतं. मधल्या काळात मला त्याचं जाळं, त्याचा सासरा आणि तलावातल्या एकेका माशाचा स्वभाव कळला. रस्ता तेवढा राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे या बोलघेवड्याच्या जाळ्यात मासे खाणारं मोठं घुबड अडकलं, पंख मोडलेलं. वनखात्याच्या डॉक्टर मेघाबाईंनी पंख बांधला, रोपवाटिकेमागे पिंजरा उभारला आणि मासे पुरवायचं काम सुखरामला दिलं. अट एकच, तिथे तोंड उघडायचं नाही. माणसाला सरावलेलं घुबड सुटल्यावर माणसाजवळच उतरतं, आणि घुबड दिसलं की दगड उचलणारे गावोगाव आहेत.

सुखराम गप्प झाला, आणि सवय लागून घरीही गप्पच राहू लागला. त्याची बायको बेबीबाई शेजारणींना सांगे, "मी वीस वर्सं सांगू सांगू थकली. पाखरानं एका दिवसात केलं."

पण महिनाभराने त्याची चाहूल लागताच घुबड दाराजवळच्या फांदीवर येऊन बसू लागलं. आधी तो हरखला. मग त्याला ते दगड आठवले आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जिवंत मासे मागच्या बाजूने, ताडपत्रीआडून, पाण्याच्या टबात सोडायला सुरुवात केली. समोरून जायचा तो फक्त रिकामा डबा बडवायला. खाऊ घालणारा घुबडाला दिसू नये आणि दिसणाऱ्याची त्याला दहशत बसावी, एवढाच हिशेब. डबा बडवून झाला की घरी येऊन बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा.

सोडायच्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं, तरी घुबड जागचं हलेना. मेघाबाई काळजीत पडल्या. सुखराम आत गेला आणि त्याने हात पुढे केला. घुबडाने चोच कडकडवली, त्याच्या तळहातात नख्या रोवल्या आणि डोक्यावरून थेट तलावापलीकडच्या झाडीत निघून गेलं.

रक्ताळलेला हात धरून सुखरामने विचारलं, "डॉक्टरीणबाई, त्यानं मले वळखलं नाही ना?"

"ओळखलं," मेघाबाई म्हणाल्या, "डबा बडवणारा म्हणून."

त्याच्या हाताला तीन टाके पडले आणि बारा दिवस त्याला जाळं टाकता आलं नाही.