पेर्रोमधला र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझे बाकीचे सगळे पराक्रम तोंडपाठ आहेत.

नागपूरच्या महाल भागात, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत माझा स्पॅनिशचा क्लास आहे. स्पेन मी पाहिलेला नाही. पण 'एच' गिळायचा, 'जे'चा 'ख' करायचा, दोन 'एल'चा 'य' — एवढ्या भांडवलावर माणूस नागपुरात 'सर' होतो. अडचण एकाच ठिकाणी. दोन 'आर' शेजारी आले की जीभ टाळूशी थरथरवायची असते. 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. माझा कुत्रा कधी गुरगुरलाच नाही. तीन वर्षं न्हाणीघरात सराव केला. बायकोला वाटायचं, मिक्सर अडकला.

मग वंदना आली. उमरेडहून रोज एसटीनं. स्पॅनिश गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची नोकरी तिला हवी होती. मुलाखत महिन्यावर आलेली. उच्चार तेवढे पक्के करायचे होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली — 'पेर्रो'. लख्ख. खोलीभर घुमला तो र.

"बकऱ्या हाकाची सवय हाय न सर," ती हसत म्हणाली.

तुम्ही काय केलं असतं? शाबासकीच दिली असती ना?

मी म्हणालो, "इथं बकऱ्या नाहीत वं. जीभ आवर. गावठी वाटून राहिलं हे."

वर्ग हसला. मीही हसलो — जरा जास्तच. आणि तिचं बरोबर आहे, हे मला माहीत होतं. तेव्हाच. हसतानाच. चुकून नाही झालं काही. पुढे महिनाभर मी तो र रोज घासत राहिलो — हळू, अजून हळू — शेवटी तो अगदी माझ्यासारखा झाला. मेलेला.

मुलाखत झाली त्याच दुपारी ती क्लासवर आली.

"नाई झालं सर. थे म्हणे, बाकी सारं चांगलं हाय, थो दोन आरवाला र कच्चा हाय. तुमी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं — माह्यी जीभच गावठी."

एक वाक्य पुरलं असतं. तोंडाशी आलंही होतं — की मी आता नुसतं तसं म्हणतोय?

"असू दे वं," मी म्हणालो, "सगळ्यांलेच नाही जमत."

जाताना ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.