भुईगावचा टोनी

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती तेव्हा नव्हतीच — आणि ती असती तर हे घडलंही नसतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मनात धरून ठेवायचाही कंटाळा येतो हो माणसाला.

वसईजवळ तुळिंजला माझं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे. आंघोळ, नखं, गोचिड्या, सगळंच. त्याआधी वीस वर्षं जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होतो. त्यामुळे इथे कुणी पिल्लू घेतलं की आधी मला दाखवतात. "दादा, ओरिजनल आहे ना?" मी कान बघतो, जबडा बघतो, चाल बघतो आणि सांगतो. मी सांगितलं की विषय संपला. याचा मला माज होता — होता काय, अजून आहे.

तीन वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्याने पुलाखाली सापडलेलं कुत्रं आणून दिलं. चिखलाने लडबडलेलं, केसांच्या नुसत्या जटा. दुकानातली एक बाई म्हणाली, "अगंबाई, अस्वल!" राखाडी-पांढरा रंग, डोळे केसांत बुडालेले, शेपूट नाही, चाल डुलत डुलत. मी असलं कुत्रं फक्त चित्रात पाहिलं होतं, म्हणून लगेच जात सांगितली नाही. मग त्या कुत्र्यानेच सांगितली. दुकानात तीन पोरं धावत होती. हा त्यांच्याभोवती गोल फिरला आणि न चावता, न भुंकता, नुसत्या खांद्याने ढकलत तिघांना बाकड्यापाशी आणून उभं केलं. वर त्यांच्यासमोर पहाऱ्याला बसला! मेंढरं राखणारं विलायती कुत्रं. असलं दुसरं अख्ख्या वसईत नसणार. म्हणजे मालक शोधणं किती सोपं होतं, बघा.

संध्याकाळी त्याला घरी नेलं. माझी बायको सुनंदा वारली, त्याला आठ महिने झाले होते. मी टीव्ही लावून बसायचो, जेवायचं राहून जायचं. या कुत्र्याने खांदा लावून मला उठवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. त्याच्या कळपात मी एकटाच — काय करणार बिचारा! मी वरणभात लावला, दोघांनी खाल्ला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सकाळी ग्रुपवर फोटो आला. भुईगावहून हरवला, नाव टोनी, खाली पत्ता आणि नंबर. मी फोन उलटा ठेवला आणि मशीन काढली. जटा झाल्याच होत्या, कापायला हव्याच होत्या — असं मी स्वतःला सांगितलं का? नाही. कशासाठी कापतोय ते मला पक्कं माहीत होतं. पोतंभर केस निघाले आणि आतून एक लांबुडकं, ठिपक्याठिपक्यांचं कुत्रं निघालं. रिक्षावाला बघून म्हणाला, "अरे, हा तर गावठी!" मी म्हटलं, हो.

आठवड्याने मालकिणीचाच फोन आला. कार्मेलीन मावशी. नवरा वारलेला, मुलगा जहाजावर, कुत्रं मुलाचं. मला कुत्र्यांच्या जातीतलं कळतं म्हणून कुणीतरी माझा नंबर दिलेला. असं कुत्रं बाहेर किती दिवस तग धरेल, एवढंच तिला विचारायचं होतं. टोनी तेव्हा माझ्या पायांवर डोकं ठेवून पडला होता. मी म्हटलं, "मावशी, थंड मुलखातली जात. आता आशा धरू नका."

असं बोललो मी.

दर पंधरवड्याला मी त्याच्यावर मशीन फिरवत होतो. तीन महिन्यांनी एके सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो पट्ट्यासकट निसटला. कुठे गेला असेल, ते विचारायची गरज होती का? स्कूटर काढली आणि थेट भुईगाव गाठलं. मावशीच्या वाडीचं फाटक सताड उघडं. आत अंगणात सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा केलेल्या, आणि समोर हा बसलेला. पंजे फुटलेले.

मावशीने त्याच्यापुढे पानी ठेवलं होतं — ती पानीच म्हणायची. मी नाव सांगताच म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. कोनाचं आहे बघा. आल्यापासून मला चिकटून आहे. कोंबड्या अगदी टोनीसारख्या राखतो. शेपूटपन नाही." मग वाकून त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. "टोनीचे डोळे मी कधी नीट बघितलेच नाहीत हो, केसांत असायचे. तुम्हाला कळतं. सांगा ना, आमचा तर नाही?"

तोपर्यंत तो उठला होता. तिच्यामागून फिरला, माझ्यामागून फिरला आणि खांद्याने रेटत आम्हा दोघांना जवळ आणू लागला. त्याला आम्ही दोघंही हवे होतो.

मी म्हटलं, "नाही, मावशी. हा माझा गावठी. शेपूट गाडीखाली गेलं."

तिने च् च् केलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या हाताला कळलं होतं, मला अजून वाटतं. पण तिने हाताचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. जातीतलं कळणारा माणूस मी.

त्याला पायांपुढे स्कूटरवर घेतलं, तेव्हा तो अंगणाकडे तोंड करून ओरडत होता. मावशी फाटकापर्यंत आली. "तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. "टोनी आला तर अडायला नको म्हनून मी हे फाटक रात्रंदिवस उघडं ठेवत होते. कोल्ह्याने चार कोंबड्या नेल्या. आता लावून घेते."

आणि माझ्यासमोर तिने कडी घातली.