कापसाला सोयाबीनची मर्यादा

ज्या वर्षांत पेपरात रोज आमच्याच भागातल्या कुठल्या तरी गावाचं नाव यायचं आणि ते का आलंय हे वाचायची गरज उरली नव्हती, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या सरांनी बाळापूरकडच्या एका खरेदी केंद्राचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. मालाचा नमुना काढायचा, त्यातला पालापाचोळा तोलायचा, आकडा टाइप करायचा. माल पास की नापास, ते कॉम्प्युटर सांगणार.

प्रोग्राम सरांचा, स्क्रीन माझे. सरांनी ‘शेतमाल’ नावाचा पेरेंट क्लास, म्हणजे प्रोग्राममधला बाप, लिहिला आणि कापूस, सोयाबीन हे त्याचे चाइल्ड, म्हणजे लेकरं. कचरा किती चालेल ती मर्यादा त्यांनी पेरेंटमध्ये स्टॅटिक ठेवली. स्टॅटिक म्हणजे सगळ्या घरात मिळून एकच. एका लेकरानं बदलली की बापाची आणि भावंडांचीही बदलते. सुरुवातीला तिथे कापसाची मर्यादा होती. सोयाबीन आलं की ते आपली घालणार होतं.

“सर, ही मर्यादा परत्येक लेकराले वेगळी पाहिजे,” मी म्हटलं. “सोयाबीनले कमी कचरा चालते. त्यानं आपली टाकली का कापसाची पुसल्या जाईन.”

सर पुण्याला शिकलेले. “लेकराले,” एवढंच ते हसून म्हणाले, तशी खोलीतले बाकीचेही हसले. मग म्हणाले, “मॅडम, सगळं वेगळं ठेवायचं तर पेरेंट कशाला हवा?” चाचणी त्यांनी फक्त कापसावर घेतली. ती बरोबर आली.

केंद्र सुरू झालं. सकाळी कापसाच्याच गाड्या होत्या, त्या पास झाल्या. मग सोयाबीनचा ट्रॅक्टर आला, आणि त्याच्यामागे आलेला कापूस एकामागून एक नापास होत गेला. त्या रांगेत आमची गाडी होती.

माझी माय दव उडाल्यावरच वेचायला बसायची. बोंड एका हातानं धरून कापूस असा ओढायची की वाळली पत्ती सोबत येऊ नये. गावातल्या बाया पोरींना वेचणी शिकवायला तिच्याकडे पाठवायच्या.

दुपारी किराणा दुकानातून बाबांचा फोन आला. “तुह्या माईचा कापूस कचरा हाय म्हणून वापस केला. तिनं हात घालू घालू दाखवला. थो माणूस म्हने, कॉम्प्युटर सांगून राह्यला.”

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “घरचा कापूस आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.” मी त्यांच्यासमोर आधी सोयाबीन टाकलं, मग साफ कापूस. स्क्रीनवर आलं, नापास. मग प्रोग्राम उघडून त्यांनी प्रत्येक चाइल्डमध्ये वेगळी मर्यादा लिहिली आणि केंद्राला फोन केला, “नवीन व्हर्जन पाठवतोय, जरा फास्ट चालेल.”

“आन् ज्यायचा माल वापस गेला, त्यायले कोन सांगन?” मी विचारलं.

“कोणाकोणाला सांगत फिरायचं? क्लासचं नाव जाईल त्यात.”

पुढच्या बॅचला स्टॅटिक शिकवताना सरांनी हेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. कापसाला सोयाबीनचा नियम लागला, म्हणून पोरं पोट धरून हसली. त्यातली निम्मी तरी शेतकऱ्यांची होती. मी ती नोकरी सोडली आणि अकोल्याला जुन्या शहरात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करू लागले. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

गावी गेले तोवर मायचा कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्यानं उचलला होता, तो म्हणेल त्या भावानं. मी तिला समजावून सांगितलं, “माय, तुह्या कापसात काही नोतं. आमचा प्रोग्रामच चुकला होता.”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “मशीन काहून खोटं बोलीन? तिची का आपल्याशी दुश्मनी हाय? माह्ये डोयेच कमी झाले असतीन.”

मी पुन्हा सांगितलं, बाबांनीही सांगितलं. तिला ते आमचं मन राखणं वाटलं. त्या हंगामापासून वेचून आणलेला कापूस ती अंगणात पुन्हा पसरायची आणि नसलेली पत्ती शोधत संध्याकाळपर्यंत बसायची. बायांनी पोरी पाठवल्या, तर त्यांना परत पाठवायची. म्हणायची, मले नाही येत.