जड माल

आज मानपाड्याला आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात नवीन लागलेल्या श्रुतीला मी म्हटलं, "हा माल जड आहे." तिने मूठभर प्लास्टिकचा दाणा उचलून सरळ वजनकाट्यावर ठेवला.

"अगं, जड म्हणजे आतल्या रेणूंच्या साखळ्या लांब. वितळल्या तरी एकमेकींत गुंतून राहतात. म्हणून माल हळू वाहतो. एखादीला सुटून पुढे सरकायलाही वेळ लागतो."

बोलता बोलता कोपरीची आमची चाळ आठवली. दूध आणायला निघाले की प्रत्येक दारातून हाक यायची. परत आल्यावर आई म्हणायची, "दूध आणायला गेलेलीस की म्हैस?"

आता टॉवरमध्ये राहते. लिफ्टने जाऊन दोन मिनिटांत दूध घेऊन येते.

तुमच्याकडे दूध आणायला अजून वेळ लागतो का?