घेवरी आडवी जाते

आधीच सांगून टाकते – या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. भुतंखेतं, सावल्या, कुणी हाक मारली म्हणून मागे वळून पाहिलं... मला कधी काही पटलं नाही. त्याला कारणही आहे. आमच्या खांडबाऱ्याच्या घरात शकुन-अपशकुनाचं एवढं प्रस्थ, की लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मला त्याचा वीट आला. कुणी शिंकलं की थांबा. मांजर आडवं गेलं की परत घरात या, बसा, घोटभर पाणी प्या, मगच निघा. हे सगळं चालवणारे म्हणजे माझे मोठे दीर. त्यांना आम्ही भाईसा म्हणतो. आम्ही मूळचे राजस्थानी जैन, पण तीन पिढ्या इथेच कपड्याचं दुकान. खाली दुकान, वर दोघा भावांची घरं, मध्ये एकच गच्ची.

आता घेवरीबद्दल. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या पावसाळ्यात ही दुकानामागच्या रिकाम्या खोक्यात सापडली. तळहाताएवढी होती. रंग अगदी तुपात तळलेल्या घेवर मिठाईसारखा, म्हणून घेवरी. मुलीच्या रिकाम्या खोलीत मी आणि ती, असे आमचे दिवस जायचे. लोक म्हणतात मांजराला घराचा लळा असतो, माणसाचा नाही. साफ खोटं. ही माझ्या पायात पायात असायची, आणि प्रवासाची तर तिला हौस होती. वेताची झाकणाची टोपली, आत माझी जुनी ओढणी, निघण्याआधी पोट हलकं ठेवायचं, एवढं केलं की झालं. सुरतेला माहेरी जाताना पॅसेंजरच्या खिडकीशी टोपलीतून डोकं काढून बसायची. अख्खा डबा तिला बघायला यायचा. गळ्यात लाल पट्टा, त्याला घुंगरू. त्या घुंगराचा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे तोरणमाळला निघालो, तेव्हा घेवरीही येणार हे मी आधीच जाहीर केलं. भाईसांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बीनणी, शुभ कामाला निघताना मांजर गाडीत?"

बीनणी म्हणजे सूनबाई. मी काही बोलायच्या आत आमचा ड्रायव्हर भटूभाऊ हसला. तो नंदुरबारकडचा, अहिराणी बोलतो. म्हणाला, "शेठ, मांजर गाडीमाच बशी शे, मंग आडवी कशी जाई?"

सगळे हसले. भाईसा हसले नाहीत.

सुट्टी मात्र छान झाली. घेवरी तलावाच्या काठी माझ्या मांडीवर बसून बदकं बघत होती. गेस्ट हाऊसवाला तिच्यासाठी स्वतःहून दूध आणायचा. परत निघायच्या सकाळी भाईसांना फोन आला – त्यांच्या मुलीला, रिद्धीला बघायला सुरतेची मंडळी त्याच दिवशी संध्याकाळी येणार. एकच धांदल. आमच्या लहान गाडीचा एसी बंद पडला होता आणि ऊन तर मे महिन्याचं. जेठाणी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या, मांजराची टोपली सामानाबरोबर मोठ्या गाडीत जाऊ दे, बिचारी गुदमरेल. मोठ्या पांढऱ्या गाडीत भाईसा आणि भटूभाऊ दोघेच होते. ते पुढे गेले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा टोपली जिन्यात होती. रिकामी.

"शहाद्याला चहाला थांबलो," भाईसा म्हणाले. "दार उघडलं नि पळाली. मांजराची जात, तिला काय!"

भटूभाऊ गाडी पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी पाहुणे आले. मी त्यांना हसून सरबत दिलं, रिद्धी पसंत पडली, तोंडं गोड झाली. दुसऱ्या दिवशी शहाद्याला जाऊन मी प्रत्येक चहाच्या टपरीवर तिचा फोटो दाखवला. कुणीही तिला पाहिलं नव्हतं. माणूस खोटं बोलतोय हे मला त्या टपऱ्यांवरच कळून चुकलं, पण हातात पुरावा काय? माझं मांजर कुठे आहे, एवढंच मला हवं होतं. ते सांगायला भाईसांची जीभ वळत नव्हती. त्यांच्या ताटात पोळी वाढताना माझ्या मनात काय काय यायचं, ते इथे लिहीत नाही.

आणि मग ते सुरू झालं.

भाईसा माल घ्यायला निघाले की गल्लीच्या तोंडाशी गाडीसमोरून मांजर आडवं जायचं. पहिल्यांदा ते परत आले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. पुन्हा मांजर. पुन्हा पाणी. शेवटी त्यांनी त्या दिवसाचं जाणंच रद्द केलं. दुसऱ्या खेपेला तेच. नवापूरच्या रस्त्याने गेले तरी तेच, विसरवाडीकडे वळले तरी तेच. कसलं मांजर, असं मी विचारलं की हिशेबाची वही उघडून बसायचे. जेठाणींनी हळूच सांगितलं, "पिवळं आहे म्हणतात. घुंगरू वाजतं." मी तशीच चपलेशिवाय गल्लीत धावले. हाका मारल्या, कोपऱ्यात दुधाची वाटी ठेवली. मांजर दिसलं नाही. सकाळी वाटी मात्र चाटूनपुसून स्वच्छ. गावात काय दुसरी मांजरं नाहीत, असं मीच मला समजावलं. तरी वाटी रोज ठेवू लागले.

पाऊस सुरू झाला आणि रिद्धीची सगाई ठरली. सुरतेला. भाईसांनी यावेळी गाडीचा नादच सोडला. ट्रेनने जायचं, रुळावर कोण आडवं जातंय! सकाळची गाडी. आम्ही बायकामंडळी डब्यात चढलो, मी दाराशीच उभी. भाईसा श्रीफळ आणि मिठाईचा डबा सांभाळत मागून येत होते. दार आणि त्यांच्यामध्ये चार हात प्लॅटफॉर्म होता.

त्या चार हातांतून घेवरी चालत गेली.

मी शपथेवर सांगते. भरदिवसा, शेपूट उभी, सावकाश. लाल पट्टा. घुंगराचा आवाज माझ्या कानाशी आला. मी "घेवरी!" म्हणून ओरडले. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे हळूच मिटून उघडले, मांडीवर बसली की करायची तसे. भाईसा जागच्या जागी थिजले. गाडी हलली. "चढा, चढा!" आतून सगळे ओरडत होते. त्यांनी एक पाय पुढे टाकला... आणि मागे घेतला.

माझ्या मिस्टरांनी मांजर पाहिलं नाही. घुंगरू मात्र ऐकलं, हे ते आजही कबूल करतात.

बापाविना सगाई झाली. रिद्धी मांडवाच्या कोपऱ्यात रडली. तिचं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. भाईसांचं वाटलं नाही. विहिणीने "व्याह्यांना बरं नाही का?" विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "प्रवास झेपत नाही त्यांना." आतून इतकं बरं वाटलं, काय सांगू!

परतल्यावर भटूभाऊला गाठलं. त्याने आधी टाळलं, मग गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि बोलून टाकलं.

"भाभी, शेठनी घाटमा गाडी थांबाडी. बोलनात, शुभ कामले जाई ऱ्हायनूत, हाई बला नको. टोपली उघडी दिनी. ती निंघनी आनि गाडीना म्होरेथीन आडवी गयी. मी बोलनू, शेठ, मांजर आडवी गयी, मांगे फिरनं पडी. शेठ बोलनात, टाईम नही, चल."

म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांजरांसाठी प्रवास मोडले, तो स्वतः सोडलेल्या मांजराला ओलांडून पुढे गेला होता. ते तेवढं एकदाच मागे फिरले असते, तर माझी घेवरी आज मांडीवर असती.

मी सरळ भाईसांपुढे जाऊन उभी राहिले. सगळं माहीत झाल्याचं सांगितलं.

"त्या दिवशी मागे फिरायचं होतं, भाईसा. चला. आता फिरा."

ते चप्पल घालून निघाले. आणि ऐका – त्या दिवशी काहीही आडवं गेलं नाही. गल्लीत नाही, नंदुरबारला नाही, शहाद्याच्या पुढेही नाही. जणू कुणी रस्ता मोकळा करून दिला होता. भाईसांना धीर आला. ब्राह्मणपुरीच्या आसपास चहा घेताना ते मला म्हणाले, "मिळेल गं ती." मलाही आशा वाटू लागली. टोपली मी मांडीवर घेऊन बसले होते.

घाटातल्या त्या वळणावर एक पावरा आदिवासी बाई मक्याची कणसं भाजत होती. मी मोबाईलवर फोटो दाखवला. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"ही तुमची?" तिने तुटक मराठीत विचारलं. "इथं बसायची. त्या दगडावर. मी भाकर दिली, खाल्ली नाही. सगळ्या गाड्या बघायची. लहान गाडी आली तर उठायची नाही. मोठी पांढरी आली की पळत जायची."

पुढचं मला ऐकायचं नव्हतं. तिने सांगितलं. अशाच एका मोठ्या पांढऱ्या गाडीसमोर ती धावली, आणि ती गाडी थांबली नाही.

"कधी?" मी विचारलं.

"पाऊस यायच्या आधी. जमीन कडक होती, खड्डा खणायला लई वेळ लागला."

पाऊस यायच्या आधी. सगाई तर पावसात झाली होती. मग प्लॅटफॉर्मवर मी काय पाहिलं?

तिने टपरीच्या खिळ्याला अडकवलेला लाल पट्टा काढून माझ्या हातात दिला. घुंगरू चाकाखाली चपटं झालं होतं. मी ते हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं. आवाज नाही. भाईसा मोहाच्या झाडाखाली तिने खड्ड्यावर रचलेल्या दगडांकडे बघत उभे होते. त्यांनी हात जोडले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यांना वाटलं, संपलं. घरी पोचलो, आणि दुसऱ्याच दिवशी ते दुकानाच्या कामाला निघाले तर गल्लीच्या तोंडाशी घेवरी आडवी गेली. भटूभाऊने पाहिलं. समोरच्या मेडिकलवाल्यानेही पाहिलं.

आमच्यात संवत्सरीला वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. "मिच्छामि दुक्कडम" म्हणायचं, आणि समोरच्यानेही तेच म्हणून माफ करायचं, अशी रीत. दरवर्षी भाईसा तो मेसेज सगळ्यांना एकगठ्ठा फॉरवर्ड करतात. यावर्षी ते गच्ची ओलांडून माझ्या दारात आले. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. सगळ्यांसमोर वाकून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम, बीनणी."

घर माझ्याकडे बघत होतं. मिस्टरांनी कोपर टोचलं. मी पदर सावरला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आता थंडीत रिद्धीचं लग्न आहे. सुरतेलाच, वरपक्ष अडून बसलाय. कन्यादानाला बाप कसा पोचणार, म्हणून जेठाणी माझ्यापुढे रडतात. म्हणतात, तुझं मांजर आहे, तूच तिला थांबव. रिद्धीने स्वतः फोन केला, त्या रात्री मला झोप लागली नाही. पण मेलेलं मांजर कसं थांबवायचं? ते येतं कुठून, दूध पितं कसं, चपटं घुंगरू वाजतं कसं... मला खरंच माहीत नाही. पट्टा माझ्या कपाटात ओढणीत गुंडाळून ठेवलाय, तिथून तो हललेला नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा.

जेठाणींचं एकच म्हणणं आहे, निदान ती वाटी ठेवणं तरी बंद कर. कदाचित त्यांचं बरोबरही असेल.

आत्ता हे लिहिताना खाली मोठ्या गाडीचं दार वाजलं. भाईसा लग्नाचा हॉल बघायला सुरतेला निघालेत. मी उठले, फ्रिजमधून दूध काढलं, थोडं कोमट केलं आणि वाटी काठोकाठ भरली.