आमच्या देवळातला माळकरी आमदार

आमदाराचे किस्से म्हणजे देवळाबाहेरच्या चपला. एक जोड शोधायला वाकावं, तर हाताला दहा लागतात. परवा नातीनं विचारलं, "आजी, तू आमदाराला अरे-तुरे कशी करतेस गं?" झालं! तिला एक सांगायला बसले नि संध्याकाळच्या भाकऱ्या राहिल्या.

तर दत्ता. बाहेर दत्ताभाऊ, पोस्टरवर 'लाडके आमदार', आमच्या भजनी मंडळात नुसता दत्ता. त्याचा बाप नि आमचे हे, दोघंही साताऱ्याकडचे, मार्केटात हमालांच्या एकाच टोळीत पोती उचलायचे. पोरगं सानपाड्याच्या आमच्या देवळात टाळ वाजवत मोठं झालं. आई गेली तेव्हा त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की मटण, दारू आणि खोटं बोलणं, तिन्ही बंद. पहिली दोन सोपी. पण तिसरं सोडून आमदारकी करायची म्हणजे कमालच!

मंडळातली आमची हिराबाई निकालाच्या दिवशीच म्हणाली, "बघा, एक काहीतरी सुटणार. माळ नाहीतर खुर्ची." तेव्हापासून आम्ही सगळ्या त्याच्या गळ्याकडं बघत बसलोय.

*

पहिल्या इलेक्शनला कार्यकर्ते रुसले. "भाऊ, समोरची पार्टी रोज मटण घालतेय. मटणाशिवाय मत पडत नाही!"

दत्ता म्हणाला, "आपल्याकडं पुरणपोळी."

मंडळातल्या बायकांनी पोळ्या लाटल्या. माणसं मटण तिकडं खायची नि गोडाला इकडं यायची. मत कुठं टाकलं ते विठ्ठलाला ठाऊक, पण दत्ता निवडून आला. मी म्हटलं, "माणसाला शेवटचा घास लक्षात राहतो बाबा!"

*

आमच्याकडं एक रिवाज पडलाय. एकादशीला भजन झालं की आम्ही वाती वळत बसतो, दत्ता मधे बसतो, आणि आम्ही विचारतो, "तिकडं विधानसभेत हात कशाला वर केलास?"

पहिल्याच वेळी गडी अडकला.

"एक बिल होतं, आक्का."

"कसलं?"

दत्तानं डोकं खाजवलं. खोटं बोलायची सोय नाही! म्हणाला, "सगळ्यांनी केला, म्हणून मीपण केला."

हिराबाई फाटकन बोलली, "आमच्या गावाकडची मेंढरंपण अशीच ओढ्यात उतरतात. त्यांना पगार मिळत नाही, एवढंच!"

पुढच्या एकादशीला दत्ता कागदांचा गठ्ठा घेऊन आला. बिल वाचून दाखवू लागला. वाचतोय, वाचतोय. दोन बायका भिंतीला टेकून झोपल्या, एक घोरायला लागली. मी म्हटलं, "आता कळलं, विधानसभेत काय होतं ते!"

*

खोटं न बोलण्याचा एक छोटा सांगते. दत्ता आमच्या घरी पोहे खात होता. बाहेर त्याचा पीए फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भाऊ मीटिंगमध्ये आहेत."

दत्ताचा घास हातातच राहिला. "आक्का, बसा पटकन. नातीला बोलवा."

"का रे?"

"मीटिंग सुरू. अध्यक्ष आक्का. विषय, पोह्यात शेंगदाणे कमी."

*

एकदा सोसायट्यांचं शिष्टमंडळ आलं. देवळाच्या रस्त्यावर मासळीवाल्या बसतात, त्यांना उठवा म्हणून. "भाऊ, तुम्ही तर माळकरी! देवाच्या दारात हा वास?"

दत्ता उठला नि थेट मासळीवाल्यांकडं गेला. त्यांच्यातली यमुनाबाई, इथल्या जुन्या गावातली, कोयता हातात धरूनच बोलली, "आमचा गाव आदी व्हता, तुमच्या बिल्डिंगी मागशी आल्या. आमच्या म्हावऱ्याचा वास येतो, पन आमची पोरा नाय दिसत काय रं तुला?"

दत्ता परत आला नि शिष्टमंडळाला म्हणाला, "माळ माझ्या गळ्यात आहे. त्यांच्या टोपलीत नाही."

मासळीवाल्या राहिल्या, वर छप्परही मिळालं. यमुनाबाई आता दर सणाला त्याला नारळ पाठवते. "म्हावरा खात नाय, तर यो तरी खा म्हनावा, बिचाऱ्याला!"

*

दत्ताच्या पक्षाचे मोठे साहेब त्याच्यावर खूश झाले. त्यांनी त्याला पांढरी गाडी दिली, ड्रायव्हरसकट. एवढी मोठी की आमच्या गल्लीत वळताना दोन स्कूटर उचलून ठेवाव्या लागायच्या.

बंदराकडच्या द्रोणागिरीला आमचं भजन होतं. दत्ताला यायला उशीर होणार, म्हणून त्यानं गाडी आमच्याकडं धाडली. आम्ही सात जणी, पखवाज आणि टाळांची पिशवी. कंटेनरच्या ट्रॅफिकमधून कशाबशा पोचलो. तिथली माणसं हार घेऊन आमदाराची वाट बघत होती. दार उघडलं नि पहिली उतरली हिराबाई. बँडवाल्यानं बँड वाजवला, माणसानं हार घातला.

दुसरी कुणी असती तर लाजली असती. हिराबाईनं पदर सारखा केला, चौफेर बघितलं नि म्हणाली, "तुमचा रस्ता लई खराब आहे. करून देते!"

टाळ्या! आणि दत्ताला तो रस्ता करून द्यावा लागला. म्हणाला, "माझ्या गाडीतून उतरून दिलेला शब्द. मोडू कसा?"

*

आता वीणेचं. सप्ताहात सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती जमिनीला टेकत नाही. दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याशिवाय पहिल्याला जागचं हलता येत नाही. त्याला पहारा म्हणतात. आमच्या देवळातले पुरुष म्हणायचे, बायकांनी वीणा घ्यायची नाही.

दत्तानं ऐकून घेतलं नि विचारलं, "बरं, दुपारी जेवणानंतरचा पहारा कोण घेतंय?"

सगळे पुरुष भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले. तेव्हापासून दुपारची वीणा बायकांची!

*

गेल्या वर्षीची गोष्ट. एकादशीला दत्ता आला, तो खाली मान घालून. म्हणाला, "बिल येतंय. वस्तीतल्या साध्या दुकानातसुद्धा दारू ठेवायला परवानगी. साहेबांचा हुकूम आहे, हात वर करायचा."

वाती वळणारे हात थांबले. हिराबाईचा नवरा दारूनंच गेला. ती त्याच्या गळ्याकडं बघत राहिली.

दत्ता पुटपुटला, "माळ माझ्या गळ्यात आहे, आक्का. लोकांच्या नाही."

मी म्हटलं, "लोकांचं राहू दे. हात तर तुझा आहे ना?"

मग सप्ताह बसला. एक दिवस भर दुपारी दत्ता आला, पाय धुतले नि वीणा गळ्यात घेऊन उभा राहिला. आम्हाला कौतुक वाटलं. एवढ्यात ड्रायव्हर धावत आला. "भाऊ, साहेबांचे फोनवर फोन! आज बिलावर मतदान आहे, निघा!"

दत्तानं वीणेकडं बोट दाखवलं. "पहारा आहे. सोडून कसा येऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठले, त्याच्यासमोर गेले.

"वाक."

वाकेना.

"वाक म्हणते ना! माझा हात पोचत नाही."

वाकला. मी वीणा काढली नि माझ्या गळ्यात घातली.

"आक्का, तिथं गेलो तर..."

"देवापुढं उभं राहायला आम्ही ढीगभर आहोत. तिथं आमचा दुसरा कोण आहे?"

हिराबाईनं त्याच्या कपाळाला बुक्का लावला. पांढरी गाडी धूळ उडवत गेली.

माझा पहारा संपला. पुढची बाई वीणा मागायला आली, मी दिली नाही. तिच्या पुढचीलाही नाही. पायाला मुंग्या आल्या. नात खुर्ची घेऊन आली, तिलाही परत पाठवलं.

दिवेलागणीला देवळापुढं रिक्षा थांबली. दत्ता उतरला. एकटाच.

हिराबाईनं दारातूनच विचारलं, "गाडी कुठाय रे?"

त्यानं नळावर पाय धुतले, आत आला, माझ्यासमोर न सांगता वाकला.

"द्या आक्का," म्हणाला, "माझा पहारा राहिलाय."