धोंड्याच्या ताटात लोखंड

जावयाची गाडी वळणावर दिसायच्या आधी मला ऐकू आली. टक्. टक्-टक्. पुढचं डावं चाक. कवठे महांकाळ ते मिरज मी उभा जन्म वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं न्यायची, जीप हाकली. शाळा चौथीत सुटली, पण गाडीला कुठं दुखतंय हे ती माझ्या कानात येऊन सांगते. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

जावई महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात. पोरगीही आली होती. पाणी झालं, चहा झाला. आमच्यात सासऱ्यानं जावयाला तोंडावर शिकवायचं नसतं. जावई समोर बसलेला असला तरी सांगायचं ते पोरीच्या मार्फत. म्हणून मी तिलाच म्हणालो, "पाव्हण्यास्नी इचार, पुढचा आर्म कवा बदललाय?"

आर्म म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडाचा हात. त्याच्या टोकाला खोबणीत एक गोळा बसवलेला असतो, आपल्या खुब्यात असतो तसा. तो गोळा निसटला की चाक आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातात नुसतं शोभेला उरतं.

जावई हसून पोरीलाच म्हणाले, "तुज्या आबांना सांग, दिवाळीलाच नवा टाकलाय. कंपनीच्या निम्म्या किमतीत."

"निम्म्या किमतीत लोखंड बी निम्मंच देत्यात म्हणावं."

"मामा," आता ते थेट माझ्याशी बोलले, "सगळं एकाच भट्टीतनं निघतंय. डबा तेवढा येगळा."

हे अगदीच खोटं नाही. बाहेरचा स्वस्त माल मीही लय वापरला. आरसे, वायपर, हॉर्न, सीटची कव्हरं, कशानं काही बिघडलं नाही. आरसा फुटला तर मान वळवून मागं बघता येतं. पण जे गाडी वळवतं आणि जे गाडी पेलतं, त्यात मी कधी काटकसर केली नाही. धनगराच्या पोटचा आहे मी. मेंढरू घेताना आम्ही लोकर बघत नाही, पाय धरून हलवून बघतो.

धोतर खोचलं आणि गाडीखाली शिरलो. गोळ्यावरची रबरी टोपी फाटली होती, ग्रीस वाहून गेलं होतं आणि आत माती भरली होती. दिवाळीचा माल, आणि अजून उन्हाळा सरला नव्हता.

"एवढा सीझन हू द्या मामा. पावसात धंदा बसला की बघू."

बघू म्हणे. त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून माझी पोरगी पसरणीचा घाट चढणार होती. मी तोंड उघडणार, तोच बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आवं, हितं तुमी बोलणार आन तिकडं पोरीला ऐकून घ्यावं लागणार. माजी शप्पत हाय. जावयाला ह्या गाडीवरनं एक शबुद बोलायचा न्हाई."

शपथेनं तोंड बंद झालं. हात मोकळेच होते.

नशिबानं यंदा धोंड्याचा महिना आला होता, आणि दोघं त्यासाठीच दोन-तीन दिवस मुक्कामाला आली होती. या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला विष्णू समजून ताटात वाण द्यायचं, आणि ते वाण जावयानं नाकारायचं नसतं. घरात अंगठीची बोलणी चालली होती. मी कुणाला न सांगता एस्टीनं सांगलीला गेलो, कंपनीच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगितलं आणि दोन्ही बाजूंचे आर्म घेऊन आलो. एक घेऊन चालत नाही. जुन्या बैलाशेजारी नवा जुंपला की गाडी एका अंगाला ओढते.

बायकोनं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. "वाणात लोखंड? शनीचं दान हाय का काय ह्ये?"

"शनवारी देत न्हाई मग."

"आन अंगठी?"

"अंगठीनं चाक वळत न्हाई."

धोंड्याच्या दिवशी जावई पाटावर बसले. कपाळाला गंध, डोक्यावर नवी टोपी. बायकोनं तोंड वाकडं केलं, पण तेहतीस अनारशांच्या शेजारी आर्म मांडले, त्यांना हळद-कुंकू लावलं आणि वर टॉवेल झाकला. जावयांनी टॉवेल उचलला.

"मामा, ह्ये काय?"

मला शपथ होती. मी पोरीकडं बघितलं.

"वाण हाय," पोरगी हसू दाबत म्हणाली. "परत करायचं नसतंय."

"आगं, पर आर्म?"

"जोडीनं हायत."

शेजारच्या बाया खो-खो हसायला लागल्या. जावयांचे कान लाल झाले. ताट मांडीवर, त्यामुळं उठताही येईना. क्षणभर मला वाटलं, पाव्हणं रुसलं, बात बिघडली. मग ते आर्म उलटासुलटा करत म्हणाले, "बसवणार कोण?"

"मिस्त्री दारातच बसलाय," मी बोलून गेलो. बायकोनं डोळे वटारले.

जेवणं झाल्यावर मिस्त्रीनं चाक काढलं. जुन्या आर्मचा गोळा जावयांनी दोन बोटांनी हलवला. कोकराची शेपटी हलावी तसा तो डुलला. मग नव्याचा हलवून बघितला. अंगठ्याचा जोर लावला तरी तो जेमतेम सरकला. त्यांनी पुन्हा जुना हलवला. मी शेंगदाणे खात बसलो होतो.

हात पुसत जावई पोरीला म्हणाले, "तुज्या आबांना इचार, चाकांचं अलाइनमेंट कुठं करू?"

"सांगलीत, जाता जाता करा म्हणावं. म्होरं ढकलू नका."

निघताना त्यांनी जुने आर्म डिकीत टाकले, असू द्यावेत म्हणून. मी गेलो आणि ते काढून आणले. जावयांनी डिकी लावून घेतली.

गाडी सुरू झाली. खड्ड्यातून गेली, ओढ्याच्या मोरीवरून गेली, वळणावर दिसेनाशी झाली. मी तिथंच कान देऊन उभा.

"काय ऐकताय एवढं?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "कायबी न्हाई."